साक्षीचं गाणं

चढ लागला तेव्हा ताईने डाव्या हाताने पँटचं गुडघ्यापाशीचं कापड धरलं, पाय उचलला आणि क्लचवर नेऊन ठेवला. बाकावर पिशवी ठेवावी तसा. गिअर बदलताना गाडीने आचका दिला. मागच्या सीटवरून मास्तर म्हणाले, "सांभाळून गं बाई, मॅन्डोलिन आहे माझ्या मांडीवर."

"क्लच जड झालाय," ताई म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारीच बसली होती. तिने खिडकीची काच खाली घेतली, पुन्हा वर केली. पुढचा सगळा रस्ता ती ताईच्या पायाकडे बघत राहिली आणि आपण बघत नाही असं दाखवत राहिली.

गाडीत चौघं होती. मास्तर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, सगळ्यांत वडीलधारे. सुतार दिवसा दारं-खिडक्या बनवायचा आणि रंधा मारता मारता गाणी रचायचा. धाकटी गिटारवर गायची. ताई, तिची सख्खी मोठी बहीण, गात नसे. गाडी चालवणं, माइक लावणं आणि आवाजाचं सगळं तंत्र तिच्याकडे. यांच्यासारखे आणखीही होते, वेगवेगळ्या गावांत विखुरलेले: कुणी नर्स, कुणी बेकरीवालं जोडपं. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची. गाणी प्रभूची, पण कुठल्या एका चर्चच्या छत्राखालची नाहीत आणि पाठीशी कुठली कंपनीही नाही. मुक्कामाला एकमेकांची घरं, अडीनडीला एकमेकांचे माइक. चर्चच्या भाषेत जमलेल्या भाविकांना मंडळी म्हणतात, म्हणून हे स्वतःला 'भटकी मंडळी' म्हणवून घ्यायचे. ऐकणारा हसला की त्यांना बरं वाटायचं.

या मंडळींना जी काही ओळख मिळाली होती ती धाकटीच्या एका गाण्यामुळे. काही वर्षांपूर्वी ताईचे पाय गेले होते. आधी बोटं बधिर झाली, मग घोटे, मग ती खाटेलाच खिळली. नसांना सूज आली होती. औषधं चालू झाली, व्यायाम झाला, आणि हळूहळू ताई भिंत धरून उभी राहिली, मग चालली, मग गाडी चालवायला लागली. त्यावर धाकटीने गाणं लिहिलं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष, म्हणून लोक त्याला साक्षीचं गाणं म्हणत. तिसऱ्या कडव्यात बहीण खाटेवरून उठते आणि दारापर्यंत चालत येते, तिथे ऐकणाऱ्यांचे डोळे हमखास भरून यायचे. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, की हा आजार उलटू शकतो. गाण्यात डॉक्टर नव्हते, औषधंही नव्हती. गाण्यात एवढं सगळं मावत नाही, असं धाकटी तेव्हा म्हणाली होती.

त्या संध्याकाळी कार्यक्रम एका चर्चच्या सभागृहात होता. साक्षीचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, माइक हातात घेतला.

"आणि ज्या भगिनीचं हे गाणं आहे, ती आज आपल्यातच आहे! या भगिनी, पुढे या. चालत या!"

हे दरवेळचंच होतं. ताई आवाजाच्या मिक्सरमागून उठली आणि दोन्ही बाजूंच्या बाकांमधून पुढे आली. येताना प्रत्येक बाकाच्या कडेला तिचा हात लागत होता. कुणाला वाटलं असेल, ती लोकांना स्पर्श करत येते आहे. धाकटीला मात्र स्टेजवरून सगळं दिसत होतं.

कार्यक्रमानंतर एक बाई नवऱ्याची व्हीलचेअर ढकलत ताईजवळ आली. त्याची एक बाजू अर्धांगवायूने गेली होती.

"बाई, यांच्यावर हात ठेवा. तुमच्यावर कृपा झाली, यांच्यावरही होईल."

ताईने हात ठेवला नाही. ती शेजारच्या बाकावर बसली, कारण तिला उभं राहवत नव्हतं. खुर्चीचा ब्रेक नीट लागतो का, उंबरठ्यावर कोण उचलतं, असलं काहीतरी ती त्या माणसाला विचारू लागली. तो जड जिभेने उत्तरं देत होता. मग त्यानेच विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत? सारखं चालून दाखवायचा?"

ताई इतक्या मोठ्याने हसली की मास्तरांनी वळून पाहिलं. बायको मात्र नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होती.

मुक्काम पाळकांच्याच घरी होता. सकाळी खोलीत ताई पलंगावर बसून मोजे घालत होती. धाकटीने दार लावलं, खाली बसली आणि तिच्या पायाचं बोट दाबलं.

"कळतंय?"

"काय करतेस?"

"हे कळतंय का सांग."

"नाही."

धाकटीने घोटा दाबला. "हे?"

"थोडंसं. दाबतेस ते दिसतंय म्हणून कळतंय की खरंच कळतंय, सांगता येत नाही."

"कधीपासून?"

"दौऱ्याला निघालो तेव्हा नुसती बोटं होती."

"आणि तू घाटात गाडी चालवलीस! सगळ्यांना घेऊन!"

"हळू बोल. पाळकीणबाई बाहेर कपडे वाळत घालताहेत."

"किल्ली दे."

ताई हुज्जत घालेल, थट्टा करेल, तुला तर सायकलही धड येत नाही म्हणेल, असं धाकटीला वाटलं होतं. ताईने खिशातून किल्ली काढली आणि निमूट तिच्या हातावर ठेवली.

"अल्बमचं रेकॉर्डिंग होऊ दे," ताई म्हणाली. "तेवढं पार पडलं की जाऊ डॉक्टरांकडे. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

"आणि मी ते गाणं कसं गाऊ?"

"जसं गातेस तसं."

"आता ते खोटं झालं ना ताई."

"तुझं गाणं आहे, तू बघ. खरं-खोटं माझ्याकडून तपासून घेऊ नकोस."

धाकटीने सुताराला सांगितलं, ताईची झोप झाली नाही, आज तू चालव. सुतार खूश झाला. गाडी चालवायची त्याला फार हौस होती आणि ताई कधी स्टिअरिंगला हात लावू द्यायची नाही. वाटभर तो रेडिओवरच्या निवेदकांच्या नकला करत होता. मास्तर हसत होते. धाकटी एकदा पुढे बसली, एकदा मागे बसली, मध्येच गाडी थांबवायला लावून उगीचच उतरली आणि पुन्हा चढली.

"काय गं, मुंग्या लागल्यात का?" सुताराने विचारलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे बंद पडलेल्या एका शाळेचं वाचनालय. मास्तरांच्या ओळखीने मिळालेलं. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून ताईने ते निवडलं होतं. खिडक्यांना गाद्या लावल्या, कोपऱ्यातला घरघरणारा फ्रिज बंद केला, टेबलावर मिक्सर आणि लॅपटॉप मांडला. सुताराची गाणी पहिल्याच दिवशी झाली. मास्तरांचं मॅन्डोलिन थोडं मागेपुढे होत होतं, तेही जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीचं गाणं घेतलं.

पहिलं कडवं धाकटीने नीट गायलं. दुसऱ्यात श्वास चुकला. तिसऱ्याच्या तोंडाशी ती थांबली.

"पुन्हा," ताई म्हणाली. तिच्या कानांवर हेडफोन होते आणि डोळे पडद्यावर.

पुन्हा तिथेच थांबली. पाणी प्यायली. गिटारच्या तारा जुळलेल्याच होत्या, त्या पुन्हा जुळवल्या. आणखी एकदा सुरू केलं, तर 'उठली' या शब्दावर आवाज असा चिरकला की सुताराने कपाळाला हात लावला.

"अगं, हे गाणं तू झोपेत म्हणशील. झालंय काय तुला?"

"माइक लांब आहे."

"माइक बरोबर आहे," ताई म्हणाली. मग धाकटीकडे क्षणभर बघून म्हणाली, "थांब, बघते."

ती उठली. टेबलापासून माइकपर्यंत अंतर ते काय, पण मध्ये धरायला काही नव्हतं. दोन पावलं तिने नीट टाकली. तिसऱ्याला डावा पाय आलाच नाही. ती माइकच्या स्टँडला धरायला गेली आणि स्टँडसकट खाली कोसळली. हेडफोन गळ्याशी लटकत होता, आणि माइकचा दणका त्यातून केवढा तरी मोठा ऐकू आला.

सुतार धावला. त्याने तिच्या काखेत हात घालून तिला उठवायचा प्रयत्न केला. तिचे पाय नुसते जमिनीवर घासत राहिले.

"कधीपासून?" त्याने विचारलं. ताईने सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. तिला त्याने अलगद भिंतीला टेकवून बसवलं आणि मगच बोलला.

"परवा घाटात आम्ही सगळे गाडीत होतो. घरी दोन पोरं आहेत माझी. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," ताई म्हणाली. "चुकलं माझं."

"आणि तुला माहीत होतं?" तो धाकटीकडे वळला.

"काल सकाळपासून."

सुतार बाहेर गेला. व्हरांड्यात त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. मास्तर गुडघे टेकून ताईच्या समोर बसले, डोळे मिटले आणि प्रार्थनेला सुरुवात केली, "हे दयाळू बापा..."

"मास्तर," ताई म्हणाली, "प्रार्थना गाडीत करा. आधी दवाखाना."

मास्तरांनी डोळे उघडले. "हो. हो, तेही खरंच," असं म्हणून ते चपला शोधू लागले.

दवाखान्यात ताईला दाखल करून घेतलं. हाताला सलाईन लागली. डॉक्टरीणबाई तरुण होती, घाईत होती, पण बसून बोलली. सूज पुन्हा आली आहे, उशीर झाला आहे, औषधाने फरक पडेल, किती पडेल ते आज सांगता येणार नाही. एवढं सांगून ती पुढच्या खाटेकडे गेली.

दुपारी दोघीच होत्या. धाकटी खाटेभोवती फिरत होती. पाण्याची बाटली उचलत होती, ठेवत होती, पडदा सारखा करत होती.

"बस ना एकदाची," ताई म्हणाली. "मलाच चक्कर यायला लागली."

धाकटी स्टुलावर बसली. "गेल्या वेळेस मी रोज तुझ्यासाठी..."

"माहीत आहे."

"रोज दवाखान्यात बसून प्रार्थना करायचे, गायचे. आणि तू बरी झालीस. आता मी काय म्हणू त्याला? काय मागू?"

ताई छताकडे बघत म्हणाली, "खरं सांगू? रागावणार नसलीस तर?"

"सांग."

"तू उशाशी गिटार घेऊन बसायचीस ना, तेव्हा मी पाय बरे होऊ देत असं मागतच नव्हते. मी म्हणायचे, प्रभू, हिला भूक लागू दे. म्हणजे ही कॅन्टीनमध्ये जाईल आणि मला घटकाभर झोप लागेल."

धाकटी आधी हसली. मग तिला भरून आलं आणि मग रागही आला, सगळं एकदमच.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार कशी? मी खाटेवर होते तोवरच तुझं गाणं तयार झालं होतं. मी उठले ती थेट त्या गाण्यातच. तिथून पुढे प्रत्येक गावात चालत पुढे या, भगिनी. माझा एकदाही पाय दुखला नाही, मला एकदाही वैताग आला नाही. कसा येणार? तिसऱ्या कडव्यात मी बरी होते ना."

"तुला ते गाणं आवडतच नाही."

"चाल छान आहे," ताई म्हणाली.

ठरलेला शेवटचा कार्यक्रम रविवारी होता, त्या दौऱ्यातला सगळ्यांत मोठा. धाकटी म्हणाली, मी जाणार नाही. ताईने तिला अक्षरशः हाकललं. "जा. बेकरीवाली येते आहे माझ्यासोबत बसायला. तिला गाता येतं, पण ती तोंड मिटून बसू शकते. तू जा."

सुताराचा राग निवळला होता, निदान वरवर तरी. गाडीत तो म्हणाला, "गा तू ते गाणं. तेव्हा ती बरी झाली होती, हे काय खोटं आहे?"

"खोटं नाही," मास्तर म्हणाले. "पण आज ते गायलं तर लोक आजचं समजतील."

"मग लोकांना सांगायचं."

"काय सांगायचं?" धाकटीने विचारलं.

सभागृह गच्च भरलं होतं. धाकटीने आपली दुसरी गाणी गायली. टाळ्या पडत होत्या, पण लोक कशाची वाट बघताहेत हे तिला कळत होतं. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "साक्षीचं म्हणा!" मग चारी बाजूंनी तेच. तिची बोटं आपोआप तारांवर गेली. ओळखीची सुरावट ऐकताच लोक खुशीत पुढे सरकून बसले. तिने तोंड उघडलं आणि तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

"माझी बहीण दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "तिचे पाय पुन्हा गेलेत. ते गाणं मला आज म्हणता येत नाही."

कुठेतरी खुर्ची सरकली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर पदर धरला. इथले पाळक वयाने तरुण आणि भले होते. ते लगबगीने स्टेजवर आले, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "प्रियांनो, घाबरायचं कारण नाही! ज्याने एकदा उठवलं तो पुन्हा उठवील. आपण आत्ता इथे प्रार्थना करू, आणि पुढच्या वर्षी ही भगिनी याच जागी उभी राहून या गाण्याचं नवं कडवं गाईल. आमेन म्हणा!"

"आमेन!" सभागृह दणाणलं.

"नाही," धाकटी म्हणाली.

तिला वाटलं तेवढ्या हळू ते बोललं गेलं नव्हतं. माइक चालू होता.

"प्रार्थना करा," ती म्हणाली. "मनापासून करा, मला हवीच आहे. पण मी नवं कडवं लिहिणार नाही. ती उठली तरी नाही. तिला मी विचारलंच नव्हतं." "माफ करा," म्हणाली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

पाळकांनी प्रार्थना केली, छोटीशी. काही लोक तेवढ्यात उठून गेले. मास्तरांनी मॅन्डोलिनवर आपलीच एक साधी जुनी चाल धरली, सुतार त्यात आपला आवाज मिसळत गेला आणि कार्यक्रम कसाबसा शेवटाला गेला. बाहेर गाड्यांच्या गर्दीत धाकटीने ताईला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"पाळकांना नाही म्हणालीस? माइकवर?"

"हो."

"अरे बापरे," ताई म्हणाली. "जेवलीस का?"

त्यानंतर आमंत्रणं कमी झाली. एका मोठ्या चर्चने आधी दिलेली तारीख रद्द केली आणि कारण दिलं नाही. एका बाईने निरोप पाठवला, की विश्वास कमी पडला म्हणून आजार उलटला. धाकटीने तो वाचला आणि दिवसभर घरातली भांडी पुन्हा पुन्हा घासत राहिली. सुतार मध्ये काही आठवडे आलाच नाही. मग एक दिवस आला, ताईच्या मापाची लाकडी काठी घेऊन, आणि मुठीला पॉलिश अजून ओलं आहे, लगेच धरू नकोस, एवढंच बोलला.

ताईचा उजवा पाय बराचसा परत आला. डावा आला नाही. त्याला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आधाराचा पट्टा बांधावा लागतो. त्यावर ती सावकाश चालते, दमते, बसते. गाडी आता सुतार चालवतो आणि ती शेजारी बसून त्याच्या चुका काढते.

अल्बमचं काम राहिलं होतं, ते पुन्हा त्याच वाचनालयात सुरू झालं. साक्षीचं गाणं त्यात घ्यायचं नाही हे ठरलं. त्याच्या जागी दुसरं काही द्यावं म्हणून सगळे धाकटीकडे बघत होते, पण तिच्याकडे काही नव्हतं. दोन ओळी सुचायच्या आणि त्या तिलाच पोकळ वाटायच्या. शेवटी अल्बम एका गाण्याने कमी करायचा, असं मास्तरांनी जाहीर केलं आणि ते शांतपणे चहा करायला गेले.

त्या दुपारी ताई मिक्सिंग करत होती. धाकटी कपाटांमधून फिरत होती, एखादं पुस्तक काढत होती, न वाचता ठेवत होती.

"ताई."

"हं."

"तू प्रार्थना करतेस? आता?"

"करते की."

"काय मागतेस?"

ताईने एक कान हेडफोनमधून मोकळा केला. "ते माझं आणि त्याचं. तुला सांगितलं तर तू चाल लावशील."

"नाही लावणार."

"आत्ताच ओठ हलत होते तुझे."

धाकटी हसली. ती खुर्ची ओढून ताईशेजारी बसली, पाय हलवत राहिली, मग तेही थांबवलं. तिला विचारायचं होतं, तू त्याच्यावर रागावलीस का, की माझ्यावर, पण तिने ते विचारलं नाही. ताईने दुसरा हेडफोन तिच्याकडे सरकवला.

"हे ऐक. मास्तरांच्या तुकड्यात मध्येच दार वाजलंय. काढलं तर सूरही थोडा जातो. काय करू?"

धाकटीने डोळे मिटून ऐकलं. दार वाजलं, आणि त्याच्या मागून मॅन्डोलिन पुढे गेलं.

"मला नाही ठरवता येत," ती म्हणाली.

"मलाही नाही. पुन्हा लावते," ताई म्हणाली आणि तिने तो तुकडा मागे नेला.